बालंक्याचा अल्जेरियन पट्टा

नांदेडला गोदावरीच्या घाटावर सकाळी फिरायला येणारी निवृत्त मंडळी शेषेरावांना लांबून ओळखतात आणि जमलं तर वाट बदलतात. माणूस वाईट नाही. रेल्वेच्या कार्यालयात हयात काढली, कुणाशी वाकडं नाही, चहाचे पैसे पहिल्यांदा काढतात. पण चहा येईपर्यंत त्यांची पलटण क्रिमियाच्या लढाईत पोचलेली असते, आणि चहा संपला तरी परतलेली नसते.

पलटण अल्जेरियाची. फ्रेंचांनी तो मुलूख घेतला आणि तिथल्याच माणसांना बंदुका देऊन १८४२ मध्ये पायदळाच्या तुकड्या उभ्या केल्या. पुढं १८५६ मध्ये त्यांच्या तीन रेजिमेंटा झाल्या. शिपायांना तिरायर म्हणत, म्हणजे नेमबाज. आकाशी कपडे, लाल टोपी आणि कमरेला लोकरीचा लांबलचक लाल पट्टा. राज्य दुसऱ्याचं, हुकूम दुसऱ्याचा, मरायचं आपण. ही व्यवस्था निजामाच्या मुलखातल्या माणसाला फोड करून सांगावी लागत नाही. शेषेराव तरीही सांगतात.

घरी केवळाबाईंनी याचा बंदोबस्त केला आहे. नवरा चष्मा कपाळावर सरकवून पुस्तकातून वर पाहू लागला की त्या आधीच विचारतात, "आज किती गेले तुमचे?"

"१८७० ला विसेमबुर्गला जर्मनांपुढं एका दिवसात शेकड्यानं गेले," शेषेराव सांगतात.

"आंघोळ करून घ्या मग. सुतक हाय."

या नादाचं मूळ लोह्याजवळच्या त्यांच्या गावात आहे. शेषेरावांचे आजोबा सुदामबापू दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी घर सोडून बेळगावला गेले आणि मराठा पलटणीत भरती झाले. लढले इटलीत, कॅसिनोच्या बाजूला. परत आले ते गुडघ्यातली कळ आणि एक लाल लोकरी पट्टा घेऊन. चार मीटर लांब, हातभर रुंद. कुणी विचारलं की म्हणायचे, "तिकडच्या एका जोडीदारानं दिला." यापुढं एक शब्द नाही.

बापू बोलत नाहीत म्हटल्यावर गाव बोललं. पट्टा इटलीच्या राजाला हरवल्याबद्दल गोऱ्या सायबानं भर मैदानात बांधला, असं ठरलं. एवढं मोठं बक्षीस आलेल्या घराला पोळ्याचा मान नाही म्हणजे काय? तेव्हापासून वेशीतलं तोरण पहिल्यांदा ओलांडायचा मान या घराच्या बैलाला मिळाला, आणि त्या दिवशी झुलीवरून तो पट्टा बैलाला गुंडाळायची रीत पडली. रीत दोन माणसांची. एकानं खांद्यापाशी टोक ताणून धरायचं, दुसऱ्यानं पट्टा पोटाखालून घेत बैलाभोवती फिरायचं. ढिला पडला की घसरतो. आता शेत धाकटे भाऊ रामकिशन बघतात. त्यांचा मुलगा सत्यम पुण्याला नोकरी करतो. म्हणून शेषेराव दर पोळ्याला नांदेडहून येतात ते टोक धरायला. गावात त्यांचं काम तेवढंच.

तीन वर्षांपूर्वी मोबाइलवर त्यांना या तिरायरांची एक जुनी चित्रफीत दिसली. एक शिपाई पट्ट्याचं टोक धरून उभा, दुसरा स्वतःभोवती गिरक्या घेत पट्ट्यात शिरतोय. शेषेरावांनी ती सात-आठ वेळा पाहिली. रंग दिसत नव्हता, पण टोक धरायची ढब ओळखीची होती. मग पुस्तकं आली, शब्दकोश आला आणि अल्जेरियाचा नकाशा कपाटाच्या दारावर लागला. कॅसिनोच्या लढाईत मराठ्यांपासून काही मैलांवर अल्जेरियाचे तिरायर लढत होते, हे कळलं तेव्हा शेषेरावांना रात्री जेवण गेलं नाही. केवळाबाईंनी भाकरी झाकून ठेवली.

यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीला, ते गावात उतरले ते ठरवूनच. वेशीपाशी भोंगा असतो, सगळं गाव असतं आणि बैल निघाल्याशिवाय कुणाला जाता येत नाही. असा श्रोता घाटावर मिळत नाही.

रामकिशन बालंक्याच्या खांद्याला लोणी-हळद चोळत होते. बालंक्या हा त्यांचा पांढराशुभ्र देवणी बैल, आता वयस्क झालेला.

"काय सांगणार हाव तुमी लोकांला?" त्यांनी विचारलं.

"खरं काय ते. पट्टा बक्षिसाचा नाही."

रामकिशनचा हात थांबला. "आण्णा, तुमी जाताव परवा नांदेडला. मला हितंच राहायचंय. मान त्या पट्ट्यावर हाय. मल्लिनाथची जोडी बघितली का? कालच देवणीच्या बाजारातून आणलेली वाटती. तो ह्या मानाची वाटच बघून राहिलाय."

"म्हणून खोटं सांगायचं?"

"सांगा की खरं. पर तोरण वलांडल्यावर सांगा."

"तेव्हा कोण थांबतंय ऐकायला?"

रामकिशन पुढं बोलले नाहीत. रात्रीही नाहीत, सकाळीही नाहीत. भावजयीनं पुरणपोळी वाढली ती दोघांना दोन खोल्यांत.

दुपारी वेशीत बैल जमले. पूर्वी जागा पुरत नसे. आता ट्रॅक्टरच्या गावात बारा-पंधरा जोड्या. शिंगांना रंग, कपाळाला बाशिंगं, बँजो पार्टी. पट्टा घडी करून शेषेरावांच्या खांद्यावर होता, कारण तो बांधायचा वेशीतच, सगळ्यांसमोर. मंगलाष्टकांना अवकाश होता. गावचे माजी पोलीस पाटील सिद्रामप्पा खुर्चीवर बसले होते. त्यांनी शेषेरावांना माइक दिला आणि पुढं दिवसभर त्याचा पश्चात्ताप केला.

शेषेराव १८४२ पासून निघाले. क्रिमियात बँजोवाले खाली बसले. १८५६ ला एका बैलानं शेण टाकलं. १८७० ला बायका परत घरी निघाल्या. "अमेरिकेनं दिलेले खाकी कपडे घालून हे लोक १९४४ मध्ये इटलीत लढले," शेषेराव म्हणाले, "लाल पट्टा संचलनापुरता गाठोड्यात ठेवत. तसलाच हा पट्टा आहे."

"म्हंजी सरकारनं दिला न्हाई?" मल्लिनाथनं विचारलं. भाषण ऐकणारा तो एकटाच होता, आणि का ते रामकिशनना ठाऊक होतं.

शेषेरावांनी भावाकडं पाहिलं. रामकिशन बालंक्याचं बाशिंग उगीचच सरळ करत होते.

"नाही," शेषेराव म्हणाले. "अल्जेरियाच्या कुण्या शिपायानं दिला. कशाबद्दल, ते माहीत नाही."

वेशीत कुजबुज झाली. मल्लिनाथ सिद्रामप्पांपुढं गेला. "अप्पा, मान बक्षिसाचा व्हता. बक्षीसच नसंल तर जोडी बघून द्या."

सिद्रामप्पांनी दोन्ही जोड्या पाहिल्या. मल्लिनाथचे बैल कुठल्याही डोळ्याला उजवे होते. "जाऊ दे तुझी पुढं," ते म्हणाले. "पर पट्टा पायजे. बिगर पट्ट्याचा पहिला बैल गावानं बघितला न्हाई."

"पट्टा आमच्या घरचा हाय," रामकिशन म्हणाले.

"घेतोच कोण? तोरणापुरता द्या की," मल्लिनाथ म्हणाला.

नाही म्हणायला रामकिशनकडं कारण उरलं नव्हतं. ते भावानं माइकवरून वाटून टाकलं होतं. शेषेरावांनी माइक काखेत मारला, पट्टा उलगडला आणि मल्लिनाथच्या बैलाच्या खांद्यापाशी टोक धरलं. मल्लिनाथ दुसरं टोक घेऊन पोटाखाली वाकला. लोकर पोटाला लागली मात्र, बैलानं पाठ आखडली, फुरफुरला आणि मागच्या मागं सरकत थेट बँजो पार्टीत शिरला. ढोल आडवा झाला. दुसऱ्यांदा बांधू पाहिलं तर त्यानं मालकालाच वेशीच्या भिंतीला चेपलं. तिसऱ्यांदा त्यानं पट्टा नुसता पाहिला.

"अप्पा," बाजूला होत मल्लिनाथ म्हणाला, "त्या म्हाताऱ्यालाच बांधा. त्याला सवय हाय."

"आसंच करा," सिद्रामप्पा म्हणाले. "शेषेराव, माइक तेवढा हिकडं द्या."

अशा रीतीनं गोऱ्या सायबानं दिलेला मान गेला आणि सवयीचा मान आला. बालंक्या रवंथ करत उभा होता. शेषेरावांनी खांद्यापाशी टोक धरलं. रामकिशननी पोटाखालून पट्टा घेतला आणि फिरू लागले. कालपासूनचा अबोला होता, पण या कामात न बोलून भागत नाही.

"वढा."

शेषेरावांनी ओढला. एक वेढा झाला.

"आण्णा, तिकडं शिपायाला बांधताना टोक कोण धरत व्हतं?"

"जोडीदार."

"आन जोडीदार मेला तर?"

तीन वर्षांत कुठल्या पुस्तकानं शेषेरावांना हे विचारलं नव्हतं.

"बापूनंच धरलं आसंल मग," रामकिशन म्हणाले. "म्हणून दिला आसंल."

"याला पुरावा नाही," शेषेराव म्हणाले.

"बैलाला लागत न्हाई. वढा."