आमच्याकडे वारं म्हणत

बाबांच्या तेराव्याला जसोंडी गावच्या एका नातेवाईक बाईंनी पंगतीत सहज विचारलं, "तुझ्या आईला लकवाच झाला होता ना?" उत्तर देण्याआधी मी मागे वळून बाबांच्या खुर्चीकडे पाहिलं. त्यांनी ऐकलं तर नाही? खुर्चीवर कुणीतरी पत्रावळींचा गठ्ठा ठेवला होता.

हा शब्द आमच्या घरात कुणी मोठ्यानं उच्चारत नसे. आमच्याकडे वारं म्हणत. आईच्या अंगावरून वारं गेलं, एवढंच.

आई गेली ते नव्या राज्याचे पहिले दिवस होते. नागपूर आमची राजधानी होती, ती जाऊन भोपाळ आलं. ग्वाल्हेर-रीवाकडचे साहेब बदलून बुऱ्हाणपुरात येऊ लागले. मी मुलींच्या मराठी शाळेत नुकतीच लागले होते. ही शाळा किती दिवस मराठी राहणार, यावर शिक्षिकांच्या खोलीत रोज वाद होत. मी कोपऱ्यात बसून वाचत असे. मराठी, हिंदी, हाती येईल ते. आई म्हणायची, "हिला पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय फेकवत नाही." ती आई एका सकाळी चुलीपुढे कलंडली. उजवा हात लोंबकळला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, आणि आठवड्याच्या आत सगळं संपलं. चाळिशी जेमतेम ओलांडली होती तिनं.

त्यानंतर काही आठवड्यांनी मी वर्गात फळ्यावर नद्यांची नावं लिहीत होते. 'ताप्ती' लिहिलं, आणि लिहिता लिहिता 'प्ती' दिसेना. पुसलं गेलं असेल असं वाटून पुन्हा लिहिलं. मागून एक मुलगी म्हणाली, "बाई, ताप्तीवर ताप्ती काढली!" वर्ग हसला. वळून पाहिलं तर अर्धाच वर्ग हसत होता, कारण उजवीकडच्या मुली नव्हत्याच. त्या जागी अंधारही नव्हता, नुसतं काही नव्हतं. त्याच्या काठाला करवतीच्या दात्यांसारखी एक चकचकीत रेघ थरथरत होती. मग बोटांना मुंग्या आल्या, खडू सुटला, मुंग्या मनगटावरून कोपरापर्यंत चढल्या आणि तिथून एकदम ओठाच्या कोपऱ्यावर उतरल्या. ओठाला हात लावून पाहिला. तो ओठ माझा वाटेना.

उजवाच हात होता. उजवीच बाजू.

मोठ्या बाईंनी मला टांग्यात बसवून लालबाग वस्तीतल्या आमच्या घरी पाठवलं. वाटभर मी डाव्या हातानं उजवा हात दाबत होते, सोडत होते, पुन्हा दाबत होते. दुकानांच्या पाट्या अर्ध्याच वाचता येत होत्या आणि तरी मी प्रत्येक पाटी वाचत होते. थांबणं जमतच नव्हतं. अर्ध्या वाटेवर टांगेवाल्याचा उजवा खांदा परत आला. घर येईपर्यंत मुंग्याही उतरल्या, आणि डाव्या कानशिलात कुणी खिळा ठोकावा तसं डोकं दुखू लागलं.

घरी आत्या होती. आई गेल्यापासून ती जसोंडीहून येऊन आमच्याकडे राहिली होती. तिनं सगळं ऐकलं, मीठ ओवाळून टाकलं, आणि माझी हनुवटी धरून म्हणाली, "हास बरं."

"आत्या, डोकं फुटतंय माझं. कशावर हसू?"

"माह्या तोंडावर हास. एरवी वर्गातल्या पोरींसंगं हासतेच ना व माय! हास म्हनते ना!"

मी हसले. तिनं ओठाचे दोन्ही कोपरे न्याहाळले आणि पदरानं स्वतःचे डोळे पुसले. बाबा दारात उभे होते. "उन्हाचं झालं असेल," असं म्हणाले आणि लगेच, "उद्या दवाखान्यात जाऊ."

डॉक्टर तरुण होते, ग्वाल्हेरकडून नुकतेच आलेले. त्यांनी विचारलं, "हाथ कब से सुन्न है?"

मी तोंड उघडायच्या आत आत्या बोलली, "जब से इसकी माँ गई तब से सुन्नच है साब. ना रोती, ना बोलती."

डॉक्टरांची लेखणी थांबली. "इतने हफ़्तों से सुन्न? और आप आज ला रहे हैं?"

आमच्या मराठीत मन सुन्न होतं आणि हात बधीर होतो. हे त्यांना सांगावं म्हणून मी घाईघाईत म्हणाले, "नहीं, नहीं. सुन्न नहीं. कल थोड़ी देर बधिर हुआ था."

"अच्छा, सुनाई भी कम देता है?"

एरवी मी पोट धरून हसले असते. त्या वेळी घामच फुटला. शब्दांचं इतकं वेड असलेली मी, आणि माझा साधा हात मला सांगता येईना. शेवटी मी हात पुढे केला आणि मुंग्या कुठून कुठे गेल्या ते बोटानं दाखवलं. डॉक्टरांनी टाचणीनं टोचून पाहिलं, गुडघ्यावर हातोडी मारली, डोळ्यात दिवा धरला, सरळ रेषेत चालायला लावलं. मग बाबांकडे वळले. "घर में किसी को ऐसा कुछ हुआ है?"

बाबा टोपीची घडी घालत होते. "इसकी माँ को…" त्यांनी टोपी पुन्हा उलगडली. "हवा लग गई थी."

"हवा? मतलब ठंड लगी? निमोनिया?"

बाबांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "जी," ते म्हणाले. "वही."

आत्यानं मान खाली घातली. डॉक्टर लिहू लागले.

"लकवा," मी म्हणाले. "मेरी माँ को लकवा हुआ था. इसी हाथ को."

बाबा उठले आणि व्हरांड्यात गेले. दारातून त्यांची पाठ दिसत होती. टोपी अजून हातातच होती.

डॉक्टरांनी लिहिलेलं खोडलं आणि पुन्हा पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली. दिसेनासं एकदम झालं की हळूहळू पसरत गेलं? चमक होती का? डोकं आधी दुखलं की नंतर? बराच वेळ विचारून ते म्हणाले, "मुझे तो आधासीसी लगती है. कुछ लोगों में दर्द से पहले आँख और हाथ पर असर आता है, फिर लौट जाता है."

अर्धशिशी. त्या खोलीत एवढ्या एकाच शब्दाचा अर्थ कुणाला सांगावा लागला नाही.

"और नहीं लौटा तो?" मी विचारलं.

"तो उसी घड़ी आइए. राह मत देखिए." मग म्हणाले, "माँ वाली बात बताई, अच्छा किया."

त्यानंतर मला चैन म्हणून पडेना. एक डोळा झाकायचा, भिंतीवरचं कॅलेंडर वाचायचं. दुसरा झाकायचा, तेच कॅलेंडर. शनवाऱ्याच्या बाजारातून जाताना प्रत्येक पाटीचं शेवटचं अक्षर आधी शोधायचं. पुस्तक उघडलं की ओळीच्या टोकाकडे जीव लागलेला, मधलं काहीच डोक्यात शिरत नसे. ज्या वाचनासाठी डोळे हवे होते, ते वाचनच डोळे तपासण्यात चाललं होतं.

आणि बाबा. दवाखान्याबद्दल ते घरी एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवरून येताना मात्र त्यांनी काठोकाठ भरलेली लोटी माझ्यापुढे धरली. एरवी ते ती ओट्यावर ठेवत. मी उजव्या हातानं घेतली. पाणी सांडलं नाही. बाबा आत गेले. तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्र, माझ्या उजव्या बाजूनं. मग दूध, लिंबं, छत्री. आत्याच्या लक्षात आलं तेव्हा ती म्हणाली, "पोरीले हमाल केली व दादानं!" तरी त्यांनी सोडलं नाही.

दुखणं येत राहिलं, कधी वर्षातून एकदा, कधी जास्त. ती करवत यायची, मुंग्या चढायच्या आणि परत जायच्या. ते कधी येणार, कधी जाणार याचा अंदाज मला येऊ लागला आणि हळूहळू मी ओळीच्या मधलंही वाचू लागले. आयुष्यभर शिकवलं, वाचलं. डॉक्टरांचं खरं ठरलं, असं मी बाबांना किती वेळा म्हटलं! ते "हं" म्हणत आणि काहीतरी हातात देत.

शेवटच्या आजारात त्यांचं बोलणं बंद झालं होतं. गेले त्याच्या आदल्या दुपारी मी त्यांना चमच्यानं चहा पाजला. अर्धा राहिला. त्यांनी कप माझ्या हातून घेतला, हळूहळू पलंगाच्या काठापर्यंत आणला आणि माझ्या उजव्या बाजूला धरला. मी डावा हात पुढे केला. त्यांनी दिला नाही.

मग मी उजवा केला. "धरलाय, बाबा," मी म्हणाले. तेव्हा त्यांनी सोडला.