चौथी सवाष्ण

बाहेर राहून बघायचं, की आत शिरून? धर्माच्या अभ्यासातल्या या एका प्रश्नावर माझ्या दोन सरांची माझ्यासमोर जुंपायची आणि मधल्यामध्ये प्रबंध माझा लटकायचा. गाइड सरांनी बजावलं होतं, "हात लावलात की ते निरीक्षण राहत नाही. प्रबंधातलं ते प्रकरण मी काढून टाकेन." दुसरे सर नुसते हसायचे. "लांबून बघून काय कळणार, कप्पाळ?"

प्रकरण बोडणावर होतं. चार सवाष्णी आणि एक कुमारिका परातीतल्या देवीवर पुरण, दूध, दही, मध घालून हातानं कालवतात. कुमारिका तेवढ्यापुरती देवी, ती मागेल ते द्यायचं. पुरुषांची नजरसुद्धा पडू द्यायची नाही, म्हणजे गाइड सर तिथं उभेही राहू शकले नसते! ग्वाल्हेरात आता हे करतंय कोण? मावशीला नातू झाला म्हणून तिच्याकडे होतं, तेवढं एकच मला मिळालं.

मी कोपऱ्यात बसले. तेवढ्यात फोन आला, चौथी बाई कंपू भागातल्या हॉस्पिटलात सासऱ्यांपाशी अडकली.

"बघत काय बसलीस? तूही सवाष्णच ना, तू बसून जा," मावशी म्हणाली.

"मावशी, माझं प्रबंधातलं प्रकरण जाईल गं."

"आणि माझं बोडण? तीन बायकांत होतं का कधी? तुझा सर येणारे का कालवायला?"

बसले. पण कसली बसले! बोटांची टोकं तेवढी बुडवली; डोळे मात्र कोण आधी काय घालतंय याच्यावर. जिवाला चैन म्हणून नव्हती.

कुमारिका म्हणजे मावशीची दुसरीतली नात.

"देवी, अजून काय हवं?"

"दूध."

"अजून?"

"मध."

"अजून?"

तिनं माझ्याकडे बोट केलं. "बुआ से बोलो ना, ठीक से करें. ये तो बस देख रही हैं."

कुणी हसलं नाही. मावशी हळूच म्हणाली, "मागितलंय तिनं. दे."

मी दोन्ही हात मनगटापर्यंत घातले. पुरण अजून कोमट होतं, बाकीच्यांच्या बांगड्या माझ्या हातांना लागत होत्या. मला एकदम रडूच आलं, आणि रडू आलं याचा रागही आला.

पुढं सिटी सेंटर भागात गाइड सरांच्या घरी ते प्रकरण लिहून नेलं. वाचता वाचता ते थांबले. "तिघींबद्दल इतकं लिहिलंत. ही चौथी बाई कोण?"

"मी, सर."

त्यांनी पेन उचललं. "सांगूनही हात लावलात?"

"देवीनं सांगितलं होतं," मी म्हणून गेले, आणि सरांपेक्षा मीच जास्त दचकले.