हमीदभाईंना राजा व्हायचं होतं

प्रयोग संपला की सेट मोडतो, भाड्याचे कपडे परत जातात, किस्से मात्र आपल्याच गळ्यात पडतात. आमच्या दुबईतल्या हौशी मराठी ग्रुपकडे ते इतके साठलेत की त्यांच्यासाठी वेगळा फ्लॅट घ्यावा लागेल!

त्यातले निम्मे हमीदभाईंचे. मूळचे दापोलीचे, रास अल खैमाला सिरॅमिक फॅक्टरीत सुपरवायझर. आवाज असा की माइक नको. पण रंग काळा, म्हणून आमचे दिग्दर्शक सप्रे त्यांना चोर नाहीतर राक्षस करायचे. त्यांना मात्र एकदा तरी राजा व्हायचं होतं.

एकदा सप्रे म्हणाले, “या वेळी तुम्ही नोकर.”

“अरे वा, प्रमोशन! गेल्या वेळी राक्षस होतो!”

*

यंदाचं नाटक जुन्या अमेरिकेतल्या काळ्या नटांचं. गोऱ्यांच्या थिएटरात त्यांना काम मिळेना, म्हणून त्यांनी स्वतःची कंपनी काढली आणि राजे रंगवले. गोरे तिकीट काढून यायचे ते हुर्यो उडवायला!

हमीदभाई वाचनालाच राजाची भाषणं पाठ करून आले. आणि सप्रेंनी तो रोल दिला गोऱ्यापान कुलकर्णीला! म्हणे, “काळा रंग लावू की!”

“आणि मी?”

“तुम्ही गोऱ्यांच्या थिएटरचे दरवान. काळ्यांना आत सोडत नाही.”

“मग मला पांढरा रंग लावणार?”

आम्ही पोट धरून हसलो. नंतर मला लाज वाटली.

*

तरी हमीदभाई फॅक्टरीत राजाची भाषणं गर्जत राहिले. पठाण ड्रायव्हरने घाबरून विचारलं, “हबीबी, किसपे इतना गुस्सा?”

“डायरेक्टरपे!”

*

रंगीत तालीम सप्रेंच्या दुबई मरीनाच्या फ्लॅटवर झाली. काळा रंग फासलेला कुलकर्णी घामाघूम होऊन नव्या पांढऱ्या सोफ्यावर टेकला. सोफा खलास!

सप्रेवहिनी कडाडल्या, “हमीदभाई इतकी वर्षं आपल्याकडे बसतात. कधी डाग पडला?”

त्याच संध्याकाळी हमीदभाई राजा झाले. उरलेलं दरवानाचं काम सप्रेंच्याच गळ्यात पडलं.

*

प्रयोगात कुलकर्णी आता हुर्यो उडवणारा गोरा; तो प्रेक्षकांत बसून ओरडणार आणि राजा मान खाली घालून निघून जाणार, असं ठरलेलं.

कुलकर्णी ओरडला, “हा कसला राजा? उतर खाली!”

दुसऱ्या रांगेतून हमीदभाईंची छोटी झारा उभी राहिली. “अंकल, सिट डाउन! दॅट्स माय अब्बा!”

सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. हमीदभाई निघाले होते, ते थांबले. परत जाऊन सिंहासनावर ऐसपैस बसले.

विंगेतून सप्रे कुजबुजले, “एक्झिट! एक्झिट!”

हमीदभाईंनी विंगेकडे पाहिलं आणि कुलकर्णीकडे बोट केलं. “दरवान! या माणसाला बाहेर काढ!”

सप्रे स्टेजवर आले, कमरेत वाकले.

“जी, महाराज!”