उतरवलेला चुडा

माझी अम्मी, बिलकीस कय्युम मनियार, ही क्षमाशील बाई नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण गेल्या वैशाखापासून सेनगाव तालुक्यातल्या निम्म्या बाया तिला देवमाणूस म्हणत सुटल्या आहेत आणि ते ऐकून माझं डोकं फिरतं. देवमाणूस वगैरे काही नाही. एकोणीस वर्षं तिनं एक राग लोणच्याच्या बरणीसारखा जपला, ओला हात लागू दिला नाही. मी तिची मुलगी आहे, मी पाहिलंय.

अम्मी मूळची फिरोजाबादची. तिकडं घरोघरी बाया दिव्याच्या ज्योतीवर बांगड्यांचे सांधे जोडत बसतात, तशी तीही लहानपणापासून बसायची. अब्बा हिंगोलीहून माल आणायला जायचे. अशाच एका खेपेला माल आणि बायको दोन्ही घेऊन आले. सतरा वर्षांची पोरगी तीन गाड्या बदलून हिंगोलीच्या स्टेशनवर उतरली तेव्हा तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. ती मराठी शिकली ती बायांच्या हातांवरून. पहिला शब्द 'दुखतंय', दुसरा 'घट्ट'. वर्षभरात ती अब्बांबरोबर खेडोपाडी बांगड्या भरायला जाऊ लागली आणि दोन वर्षांत लोक म्हणू लागले, कय्युमपेक्षा भाभीचा हात हलका आहे. अंगठा असा काही दुमडायची की लहान मापाची बांगडीही मनगटावर जाऊन बसायची आणि बाईला कळायचंही नाही. घरात आम्ही हिंदीच बोलतो. पण अम्मीला खरा राग आला की ती मराठीत येते, कारण तिला आयुष्यात जे काही लागलं ते मराठीतच लागलंय.

अब्बा श्रावणात औंढ्याला देवळापाशी दुकान लावायचे. एका श्रावणात तिथूनच ताप घेऊन आले आणि आठ दिवसांत गेले. मी दहा वर्षांची होते, माझा भाऊ जुबेर सहाचा. अम्मीनं विधवेची चार महिने दहा दिवसांची इद्दत घरात बसून काढली, बाहेर आली, हातात काचेच्या बांगड्या घातल्या आणि पेटी उचलली. नातेवाइकांनी नाकं मुरडली. तिनं विचारलं, बांगड्या विकणारीच्याच हातात बांगडी नसली तर लोक काय बघून घेतील?

त्यानंतरच्या वैशाखात पुसेगावच्या पुढच्या एका गावातून बोलावणं आलं. गावाचं नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. नेमसिंग नावाचे मोठे शेतकरी, त्यांच्या मुलीचं लग्न. अंगणात मांडव, सतरंजीवर पन्नासेक बाया. अम्मीनं नवरीच्या एका हातात अकरा हिरव्या बांगड्या भरल्या आणि दुसरा हात हातात घेतला, तेवढ्यात नवरीची आई पार्वतीबाई आतून आली.

मी तिथं नव्हते. पण अम्मीनं हे इतक्या वेळा सांगितलंय आणि दरवेळी शब्दाला शब्द इतकं तेच सांगितलंय, की मला त्या अंगणात कोण कुठं बसलं होतं तेही सांगता येईल.

"हिचा नवरा गेला ना?" पार्वतीबाईनं बायांना विचारलं. अम्मीला नाही, बायांना. कुणीतरी व्हय म्हणालं. "मग कुणी बोलावलं हिला? नवरा खाऊन बसली अन् हातभर बांगड्या घालून हिंडून राहिली. बाहेरून आलेली बाई, हिला काय ठाव आपली रीत. माझ्या लेकीनं हिच्या पाया पडायचं काय?"

आमच्या भागात बांगड्या भरून झाल्या की भरणारणीला वाकून नमस्कार करायचा असतो, भरणारणीनं आशीर्वाद द्यायचा असतो. लहान मुलीपासून म्हातारीपर्यंत सगळ्या करतात. तो एक नमस्कार हाच आमच्या धंद्यातला मान.

अम्मी पेटी आवरू लागली. पार्वतीबाई म्हणाली, "त्या भरलेल्या कोन काढल? उतरव."

नवरीच्या बांगड्या फोडून काढत नाहीत, अपशकुन होतो. आणि घट्ट भरलेला चुडा उतरवणं हे भरण्यापेक्षा दहापट कठीण. पन्नास बायांदेखत अम्मीनं त्या पोरीच्या हातातून अकरा बांगड्या एकेक करून उतरवल्या. नवरी रडत होती. नेमसिंग ओसरीवर पान लावत बसले होते, त्यांनी मान वर केली नाही. आमच्याकडं बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. अम्मीनं त्यातली एकही वाढवली नाही. हे सांगताना मात्र तिचा आवाज आजही चढतो.

नंतर जे व्हायचं ते झालं. एका गावानं नको म्हटलं की दहा गावं नको म्हणतात. लग्नाचा सगळा हंगाम अम्मीची पेटी घरात पडून राहिली. तिचे भाऊ फिरोजाबादहून न्यायला आले. ती गेली नाही. म्हणाली, मी पळून आले असते तर परत गेले असते, मी नांदायला आलेय. मग एक दिवस दूरच्या एका बौद्ध वस्तीतून जनकाबाई आल्या, स्वतः विधवा, दोन्ही हातांत बांगड्या. म्हणाल्या, "आमच्या संध्याचं लगन हाय. तुमी या. आमच्यात असलं काही न्हाई, आमी ते कवाच सोडलं." त्या एका लग्नापासून अम्मीनं पुन्हा सुरुवात केली. वस्त्या, तांडे, आठवडी बाजार. पाटलिणी बोलवत नव्हत्या, तर ती या सगळीकडं पायी गेली. उद्या काय खायचं असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, "बायांना हात हायत तवर आपुन उपाशी मरत न्हाई. अन् हात तर सगळ्यांनाच हायत." मला त्या वयात ते फार पटलं होतं. आज हिंगोलीत तिचं स्वतःचं दुकान आहे, जुबेर ते बघतो, आणि मी औंढ्याच्या एका शाळेत मुलांना मराठी शिकवते. ही हकिगत इथंच संपवता आली असती, पण मग ती खोटी झाली असती.

तीन वर्षांपूर्वी नेमसिंग वारल्याची बातमी दुकानात आली. अम्मीनं इन्ना लिल्लाह म्हटलं आणि लगेच मराठीत म्हणाली, "आता बराबरीला आलो आमी दोघी." मी म्हटलं, अम्मी, असं बोलू नये. तिनं माझ्याकडं अशी नजर टाकली की मी चहा ठेवायला उठले.

आणि गेल्या चैत्रात पूजा दुकानात आली. पूजा म्हणजे पार्वतीबाईची सून, शंकरसिंगची बायको. ती उभीच राहिली. "भाभी, माझ्या राजनंदिनीचं लगन हाय. चुडा भरायला तुमीच या."

"मला वळखता?" अम्मीनं विचारलं.

"म्या होते तवा तिथं. माठापाशी उभी होते. नवीन होते, तोंड उघडायची सोय नव्हती." मग ती म्हणाली, "सासूबाई आता मधे येत न्हाईत. मामंजी गेल्यापासून आतच असतेत."

ती हे ज्या सुरात म्हणाली त्यावरून मला कळलं की हिलाही तिचं काही वसूल करायचंय. अम्मीलाही कळलं असणार. तिनं येते म्हटलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी सोबत गेले, शाळेला सुट्टी होती. निघण्याआधी अम्मी पेटी भरत होती. नवरीचं माप दोन-चार, त्याचे डझन बांधले. मग दोन-सहाच्या अकरा हिरव्या वेगळ्या कागदात गुंडाळल्या. या कोणाच्या म्हणून विचारलं.

"पार्वतीबाईच्या."

"तुला तिचं माप कसं माहीत?"

"बघितला ना हात तिचा. माझ्याकडं बोट करून राहिली होती." मग कागदावर दोरा गुंडाळत ती शांतपणे म्हणाली, "अकरा भरीन अन् सगळ्यांदेखत उतरवीन. मुंडी हलवू देणार न्हाई."

खरं सांगते, मला आनंद झाला. वाटेत जीपमध्ये मी दोनदा मनात सगळं पाहून घेतलं, ती म्हातारी कशी रडेल, बाया कशा बघतील. शहाणी शिक्षिका मी, वर्गात मुलांना मोठ्या मनाच्या गोष्टी सांगते. त्या दिवशी माझ्यात मोठं असं काही नव्हतं.

गावात शिरताना चौकात फलक होता, या गावाने विधवा प्रथा बंद केली आहे. सरपंच म्हणून शंकरसिंगांचा हसरा फोटोही होता त्यावर. अंगण तेच, मांडव नवा, बाया जवळपास तितक्याच. अम्मी सतरंजीवर बसली. राजनंदिनीनं हात पुढं केला. अम्मीनं तो धरला नाही.

"आजी कुठं हायत?"

पूजा म्हणाली, "आत हायत. असल्या कामात येत न्हाईत त्या."

अम्मीनं पेटीचं झाकण लावलं. "मग म्या बी येत न्हाई. माझा बी नवरा गेलेला हाय. माझा हात चालतो तुमाला, अन् घरच्या बाईचं तोंड चालत न्हाई? चौकात तर मोठं लिवून ठेवलंय. पयला हात तिचा, मग नवरीचा."

बायांत कुजबुज झाली. पूजाचा चेहरा उतरला. सासूला कोपऱ्यात ठेवून तिच्या नाकावर टिच्चून बिलकीसला बसवायचं असा तिचा बेत असणार, तो तिच्याच अंगणात मोडला. शंकरसिंग ओसरीवर होते, ते काहीतरी बोलायला उठले आणि फलकाचं आठवून असावं, परत बसले. नवरी मात्र उठली, आत गेली आणि आजीला हाताला धरून घेऊन आली.

पार्वतीबाई आता सत्तरीच्या आसपास. पांढरट लुगडं, मोकळे हात. अंगणातल्या उजेडानं तिचे डोळे बारीक झाले होते. तिनं अम्मीला पाहिलं आणि ओळखलं, ते मला दिसलं. ती वळून परत आत जाऊ शकली असती. गेली नाही. समोर येऊन बसली आणि न सांगता हात पुढं केला.

अम्मीनं अंगठा दुमडला. म्हातारीचा हात सुकलेला, हाडं वर आलेली. पहिली गेली, दुसरी गेली. हिरव्या बांगड्या, विधवेच्या हातात, लग्नघरात. एका बाईनं पदर तोंडाला लावला. अम्मीनं घाई केली नाही. तिचा हात तितकाच हलका होता, एकदाही म्हातारीचा चेहरा दुखून आकसला नाही. पुढं काय होणार हे मला माहीत होतं, म्हणून मी मोजत होते. आठ. नऊ. दहा. अकरा.

अम्मीनं हात सोडला नाही. पार्वतीबाईनंही काढून घेतला नाही. ती अम्मीकडं बघत होती आणि मग अगदी हळू, फक्त आम्हा दोघींना ऐकू जाईल असं म्हणाली, "उतरव आता. मला ठाव हाय तू काहून आलीस."

मी अम्मीकडं पाहिलं. मला वाटलं, हीच ती वेळ. उतरव. आत्ता. मला ते पाहायचं होतं, लपवत नाही.

अम्मीनं त्या हातावरची एकेक बांगडी बोटानं सारखी केली. मग तिनं तो म्हातारीच्या मांडीवर ठेवला. बांगड्या किणकिणल्या.

"न्हाई," ती म्हणाली, आणि हे तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "आता ह्या तुमच्या. उठाल, बसाल, पानी प्याल, तवा वाजतील. कुणी उतरव म्हनलं तर सांगा, बिलकीसनं भरल्यात."

पार्वतीबाई खाली वाकली, पन्नास बायांदेखत, माझ्या आईच्या पायांपर्यंत. रीतीप्रमाणं आता आशीर्वाद द्यायचा होता. अम्मीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "शंभर वर्सं जगा," ती म्हणाली.

बाया डोळे पुसू लागल्या. केवढं मन म्हणावं बाईचं, असं कुणीतरी म्हणालं, आणि तिथूनच ते देवमाणसाचं सुरू झालं. मग अम्मीनं नवरीचे दोन्ही हात भरले, राजनंदिनीही वाकली, आम्ही जेवलो, पूजानं ओटीत तांदूळ घातले. पार्वतीबाई जेवायला पंक्तीत बसली होती. घास उचलताना दरवेळी तो आवाज होत होता आणि दरवेळी ती आमच्या बाजूला बघत होती.

परतीच्या वाटेवर मला राहवलं नाही. जीपमध्ये मी विचारलं, "क्यूं नहीं उतारी, अम्मी? इतने सालों से बोल रही थी."

ती खिडकीबाहेर बघत होती. उत्तर मराठीत आलं.

"उतरवल्या असत्या तर फिटलं असतं तिचं."