दारामागची पाटी

घोडेगावच्या आमच्या परसात कपडे वाळत घालायला एकच दोरी होती. मी कॉन्व्हेंटच्या होस्टेलवरून सुट्टीला आले की शेजारची सुमन आणि मी पाळीचे कपडे त्या दोरीवर घालायचो आणि वरून आईची साडी पसरायचो. कुणाची चाहूल लागली की उगाचच मोठ्याने हसायचो... ऊन त्या कपड्यांना कधी लागलंच नाही.

सुमन हे तिचं खरं नाव नाही. ती लग्न होऊन जुन्नरजवळच्या एका गावात गेली, मी जुन्नरला आले. आता दोघींची साठी उलटलीय.

गेल्या आठवड्यात तिच्याबरोबर इथल्या एका खासगी हॉस्पिटलात गेले. आठ महिन्यांत तिची ही चौथी खेप, दर वेळी गुडघ्याच्या गोळ्या घेऊन परत. रिक्षात ती हळूच म्हणाली, "गुडघं नाय गं दुखत. पाळी जाऊन पंधरा वर्सं झाली, अन् आता परत डाग दिसत्यात. पर तिथं कसं सांगू?"

आठ महिने...

बाहेर बाकावर बसलो. फरशी पुसणाऱ्या बाईंनी डॉक्टरांच्या खोलीचं दार क्षणभर ओढून घेतलं, तेव्हा त्यामागे बाहेरच्या भिंतीवर एक पाटी दिसली. रुग्णांचे हक्क. तपासणी आडोशाला, बोलणं खासगी, आपली कागदपत्रं आपल्याला मिळणार... आपल्या राज्यात खासगी हॉस्पिटलांसाठी कायदा आहे आणि त्याच्या नियमांप्रमाणे ही सनद दिसेल अशी लावावी लागते, हे मला या वयात कळलं. पण दार कायम सताड उघडं, आणि पाटी कायम दारामागे.

दार उघडं का, ते आत गेल्यावर समजलं. वेळ वाचावा म्हणून पुढचे तीन पेशंट आतच बाकावर बसवतात. त्यात पहिलेच सुमनच्या भावकीतले दीर! तिने पदर पुढे ओढला. डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय मावशी?" आणि ती म्हणाली, "गुडघं..."

मला राहवेना. "डॉक्टर, या बाकावरच्यांना बाहेर पाठवा. तुमच्याच पाटीवर लिहिलंय." वर्गात उभं केल्यासारखी मी उठून उभी राहिले होते.

डॉक्टर वाईट नाहीत, दमलेले आहेत. म्हणाले, "मॅडम, बाहेरची गर्दी बघितलीत ना?"

तेवढ्यात दीरच उठले. "चला राव, उठा. मलाबी डॉक्टरला एक सांगायचंय, अन् ते काय वहिनींपुढं सांगता यायचं न्हाई." सगळे हसले, बाक रिकामं झालं. सिस्टर तेवढ्या थांबल्या.

मी खुर्ची सुमनजवळ सरकवली. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तूबी जा."

गेले. दार लागलं आणि पाटी समोर आली. दीर बोट फिरवत एकेक ओळ वाचत होते. "हे कवापास्नं व्हतं हितं?" कुणालाच माहीत नव्हतं.

वीस मिनिटांनी सुमन बाहेर आली. आत तिने आणखी काय सांगितलं ते मला आजही ठाऊक नाही... विचारलेलं नाही. दुसऱ्या दिवशी तिचा मुलगा तिला पुण्याला घेऊन गेला, तिथे तपासणीसाठी गर्भपिशवीचा तुकडा काढला. रिपोर्ट शुक्रवारी येईल.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. चहा ठेवते आणि विसरते, दोनदा पातेलं करपलं. हे लिहू का, असं सुमनला विचारलं तर म्हणाली, "सगळं लिही, नाव तेवढं नको. दुसरी कुणी गुडघंच सांगत बसली आसंल."

म्हणून पाटीचा फोटो काढून झेरॉक्स केल्यात. एक सुमनच्या सुनेला. दोन प्रती त्या दिरांना, त्यांनी मागून घेतल्यात. बाकीचा गठ्ठा घोडेगावला एसटी स्टँडजवळ माझ्या भाचीच्या दुकानात ठेवलाय. डोंगरातल्या गावांहून येणाऱ्या बायकांना आधी द्यायच्या, मग ज्याला हवी त्याला.

आणि सुमनच्या मुला, तू माझं लिहिलेलं वाचतोस म्हणून इथेच सांगते. शुक्रवारी रिपोर्टचं पाकीट बंदच आण. ते आधी आईच्या हातात दे. बायकोच्या नाही, माझ्याही नाही.