आडवी पडलेली फांदी

सुशीलाचे पत्र आले तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. निवृत्त झाल्यापासून माझ्याबद्दल नागपुरात अशी समजूत झाली आहे की, या बाईला आता मेथी निवडण्याखेरीज दुसरे काही नको.

सुशीला माझी जुनी विद्यार्थिनी. आलापल्लीच्या पुढे जंगलात कुसुमपल्ली म्हणून लहानसे बाजाराचे गाव आहे, तिथल्या मुलींच्या शाळेत ती शिकवते. तिथले लाकडाचे ठेकेदार नानासाहेब दर पौषात चौदा मैलांची डोंगरातली दौड भरवतात. सुशीलाच्या सात मुलींना तीत धावायचे होते. नानासाहेबांनी काय उत्तर दिले, ते तिने शब्दशः लिहिले होते: "डोंगर बायांच्या आवाक्यातला नाही. एक तरी बाई दुपारी एकच्या ठोक्याआधी जाऊन येऊन दाखवा, मग पुढच्या वर्षी मुलींची नावे वहीत घेतो." सुशीलाचा पाय पावसाळ्यात मोडलेला. गावातली दुसरी कुणी घरच्यांपुढे तोंड उघडायला तयार नाही. शेवटी लिहिले होते, "बाई, तुम्ही अजून रोज तेलंगखेडीच्या तळ्यापर्यंत चालता ना?"

मी मेथी तशीच टाकली आणि माळ्यावरून कॅनव्हासचे बूट काढले. छप्पन्न वर्षे म्हणजे काही मरणाचे वय नव्हे.

जाणार असाल तर आधी सांगते: अंथरूण, कंदील, क्विनीनच्या गोळ्या आणि धीर बरोबर घ्या. पहिल्या तीन वस्तू नागपुरात मिळतात. वर्ध्याला गाडी बदलून मी संध्याकाळी चांद्याला उतरले. हौशी लोक या गावाला चंद्रपूर म्हणतात. परकोट भव्य आहे, वेशी पाहण्यासारख्या आहेत, आणि धर्मशाळेतले ढेकूण गोंड राजांच्या काळापासून तिथेच असावेत. सकाळी सातची बस साडेआठला सुटली. पुढची बाके वकील-ठेकेदारांसाठी राखीव होती. तसे कुठे लिहिले आहे असे विचारल्यावर कंडक्टरने मला मुकाट्याने पुढे बसवले.

मासळीच्या रिकाम्या टोपल्या घेऊन उभ्या असलेल्या एका ढिवर म्हाताऱ्याला मी शेजारी बसवून घेतले. जाळी विणताना घालावी तशी त्याने माझ्या कॅनव्हासच्या बुटांवर बारीक नजर घातली.

"बाई, कुठी जाऊन राह्यल्या?"

"कुसुमपल्लीला. धावायला."

"कोनाच्या मागं?"

सगळी बस हसली. मीही हसले, पण जरा उशिराने.

आष्टीला वैनगंगा आडवी येते आणि बस संपते. सामान घेऊन नावेतून पलीकडे जायचे, आणि तिथली बस आली असेल तर देवाचे आभार मानायचे. ती आली नव्हती. दोन तास वाळूत बसून मी झिंग्यांची चटणी आणि भात खाल्ला. चार आण्यांत इतके चांगले जेवण मला नागपुरात कुणी दिलेले नाही. अंधार पडायच्या आत आलापल्ली आली. तिथले साग शेंड्यापर्यंत पाहताना माझ्या मानेला रग लागली. दुसऱ्या दिवशी बैलगाडीने दहा मैल. पाठ शाबूत हवी असेल तर गाडीत भाताचे तणस भरपूर घालून घ्या.

कुसुमपल्लीत तळ्याच्या पाळीवर मांडव घातला होता. सुशीला काठी टेकत सामोरी आली आणि मागे तिच्या सात मुली रांगेत उभ्या. एकीने धिटाईने विचारले, "बाई, तुमाले खरंच जमन ना?"

"न जमायला काय झालं?" मी म्हटले.

नानासाहेब सज्जन, गोल आणि खात्रीने बोलणारे गृहस्थ. म्हणाले, "आई, तुम्ही मांडवात बसून बक्षिसं वाटा. मॅरेथॉन आहे ही."

"मॅरेथॉन सव्वीस मैलांची असते," मी म्हटले. "आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर सांगायच्या, ती पहिल्यांदा धावणारा माणूस पोचल्याबरोबर मेला."

नानासाहेबांनी आपल्या कारकुनाकडे, मुनशीकडे, पाहिले. ही गोष्ट त्यांना कुणी सांगितलेली दिसली नाही.

सकाळी सात वाजता सव्वीस पुरुष आणि मी, असे उभे राहिलो. सोळा-सतरा जण आसपासच्या जंगलातले माडिया जवान, अनवाणी. बाकीचे बाजारातले, एक पोलीस शिपाई, एक पोस्टमन. मुनशीने खुर्चीवर उभे राहून नियम सांगितले. यंदाचा मार्ग नवा. पाच मैलांवर वाट फुटते. डोंगरावर जंगल खात्याची चौकी आहे. तिथे सागाची एक चकती मिळेल, तिच्यावर खात्याच्या हातोड्याचा ठसा असेल. ती घेऊन दुसऱ्या उताराने परत यायचे. चकती नाही तर दौड नाही. "जिथं फांदी दिसेल त्या वाटेनं जायचं! मी स्वतः काल टाकून आलो आहे." मुनशी अमरावतीकडचा, जंगलात येऊन त्याला तीन महिने झालेले. त्याचे मराठी अर्ध्या जवानांना कळले की नाही, हे पाहायची तसदी कुणी घेतली नाही.

शिट्टी वाजली आणि दहा मिनिटांत मी एकटी उरले. नऊवारीचा काचा घट्ट मारलेला, शंभर पावले पळायचे, शंभर चालायचे, असा माझा हिशेब. थंडी होती, धुके पानांवरून टपकत होते. तीन मैलांनंतर उजव्या टाचेला फोड आला. मी त्याला इंग्रजीतून बोलले, कारण तसले शब्द मराठीतून बोलायची मला सवय नाही.

नऊच्या सुमारास वाट फुटली ती जागा आली. उजवीकडची सपाट वाट डोंगराच्या पायथ्याने जात होती. डावीकडची सरळ चढत होती, आणि तिच्या तोंडाशी पळसाची पानांसकट मोडलेली फांदी आडवी टाकली होती. मी फांदी ओलांडायला पाय उचलला.

"बाई! ओ बाई! तिकडं नोको!"

आवळीच्या झाडाखालून चाळिशीची एक माडिया बाई उठली. आवळ्यांची टोपली भरत आली होती. नाव सोमी, कुसुमपल्लीच्या बाजाराला निघालेली.

"काऊन नको?" मी विचारले.

"वाट बंद हाय. डार टाकली दिसत नाई का?"

"वाघ आहे?"

ती इतकी हसली की दोन आवळे खाली पडले. मग मला तिने मोडक्या मराठीत शिकवले. इकडे पुढे गेलेला माणूस ज्या वाटेने जायचे नाही तिच्यावर फांदी आडवी टाकतो, म्हणजे मागचा चुकत नाही. हे तिच्या गावातल्या चार वर्षांच्या पोरीलाही ठाऊक.

"आणि पळणारे सगळे?"

तिने उजवीकडे हात केला. "आमचे पोट्टे पुढं व्हते. डार पायली, खालून गेले. तुमचे बाजारचे त्यायच्या मागं मागं गेले."

मी तिथेच दगडावर बसले. सव्वीसच्या सव्वीस माणसे चुकीच्या वाटेने गेली होती, आणि चुकली होती ती बरोबर वाचल्यामुळे. आता माझे काय? सव्वीस जण एकीकडे आणि एक मुनशी एकीकडे, अशा पेचात मी एरवी मुनशीवर भरवसा ठेवला नसता. पण मुनशीने फांदी टाकली ती आपल्या अकलेने, आणि ती अक्कल शहराची होती. चकती वरच मिळणार होती. चकतीशिवाय मी पोचले तर सात मुलींची नावे वहीत येणार नव्हती.

मी सोमीला सगळे सांगितले. तिने फांदीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"त्या मुनशीले डार टाकताच येत नाई," ती म्हणाली. फांदी ओलांडायला ती तयार नव्हती. तिने ती उचलली, उजव्या वाटेवर नीट आडवी ठेवली, मोडका बुंधा वळवून पाहिला, समाधानाने मान हलवली. "आता चाला." वरच्या उतारानेही बाजार गाठता येत होता, आणि वर काय होते ते तिला पाहायचे होते.

डोक्यावर आवळ्यांची टोपली घेऊन ती चालत होती आणि मी तिच्यामागे धावत होते. अंतर वाढतच होते. चढावर तिने दोनदा थांबून भोपळ्याच्या तुंब्यातली आंबील मला दिली. त्या आंबट, गार घोटांची सर मी आजवर प्यालेल्या कुठल्याच चहाला नाही.

चौकीवरचा जंगल शिपाई सागाच्या चकत्यांचा ढीग मांडून बसला होता आणि भलताच रागावलेला होता.

"सकाळपासून कोनी नाई! कुठी मेले सगळे?"

"मी आहे की."

"तुमी? पयल्या?"

"पहिली आणि शेवटची. चकती द्या."

उतार चढापेक्षा वाईट निघाला. गुडघे माझे ऐकेनात. खालून बाराचे ठोके ऐकू आले तेव्हा तीन मैल उरले होते, आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. फोड फुटला होता. "थांबू का?" असे मी सोमीला विचारले, हे कबूल करते.

"हिल्ले," ती म्हणाली. नाही. आणि माझ्या कोपराला धरून चालू लागली.

तळ्याची पाळ दिसली तेव्हा मांडवापाशी कुणाचे लक्षच माझ्याकडे नव्हते. तिथे भांडण पेटले होते. जवान केव्हाच पोचले होते, आणि कुणाकडेच चकती नव्हती. नानासाहेब ओरडत होते, "लबाडी! डोंगर टाळून आले सगळे!" फक्त सात मुलींनी मला पाहिले. त्या इतक्या जोरात किंचाळल्या की घंटेपाशी हातोडा घेऊन उभा असलेला चौकीदार दचकला. मी दोरी ओलांडली, चकती मुनशीच्या वहीवर ठेवली आणि खाली बसले. मग एकचा ठोका पडला.

नानासाहेब चकती उलटसुलट करून पाहत राहिले.

"आता दौडच रद्द करावी लागेल," ते म्हणाले. "म्हणजे ती आपली अटही..."

मी उठून उभी राहिले. कशी, ते माहीत नाही. म्हटले, "नानासाहेब, तुमच्या नियमाने सत्तावीस जणांत एकच माणूस दौड पुरी करून आला आहे. तो मी. तेव्हा पहिले बक्षीस मला द्या आणि पुढच्या बाजारी सगळ्यांना सांगा की छप्पन्न वर्षांच्या बाईने तुमची मॅरेथॉन जिंकली. नाहीतर कबूल करा की तुमच्या मुनशीने फांदी उलटी टाकली. मग ही पोरं ज्या क्रमाने आली त्या क्रमाने बक्षिसं द्या. दोन्ही बाबतींत मी एकच्या आत आले आहे."

सोमीने टोपली खाली ठेवली आणि माडिया भाषेत जवानांना फांदीची हकिकत सांगितली. आधी एक हसला, मग सगळे हसले, पोलीस शिपाईसुद्धा. मुनशी लाल झाला. नानासाहेबांनी चकती माझ्या हातात परत दिली.

"फांदी," ते शेवटी म्हणाले, "उलटी पडली खरी."

पहिल्या आलेल्या कोमटी नावाच्या जवानाला पितळी घागर मिळाली. मुनशीने पुढच्या वर्षाच्या पानावर मुलींची नावे लिहिली. प्रत्येक नाव मी वाचून पाहिले. दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारून घेतले. मग सुशीलाच्या ओसरीवर पाय गरम पाण्यात सोडले आणि रडले. दुखत होते म्हणून नव्हे. सुटले म्हणून.

परतीच्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. आष्टीपासून चांद्यापर्यंत मी झोपले होते. टाच भरून यायला तीन आठवडे लागले. सागाची चकती मी पत्रांवर ठेवते, म्हणजे ती उडत नाहीत. तिच्याखाली सध्या सुशीलाचे नवे पत्र आहे. मुली रोज सकाळी तळ्याला दोन फेऱ्या मारतात, आणि पुढच्या वर्षी फांद्या टाकायला नानासाहेबांनी सोमीला बोलावले आहे.

परवा आमच्या गल्लीत कुणीतरी कडुनिंब छाटला. एक फांदी रस्त्यात आडवी पडली होती. मागून येणारे सगळे ती ओलांडून गेले. मी थांबले, आणि मागच्या रस्त्याने वळसा घालून घरी आले.