सेल्वीचा गुरुवारचा तास

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. एकाच खोलीत वर्षानुवर्षं शिकवलं की ते साठतात, आणि कॉफीला चार माणसं जमली की बाहेर पडतात. माझे सगळे कुंभकोणमच्या आमच्या कॉलेजातल्या कॉम्प्युटर लॅबमधले, आणि बहुतेक सेल्वीचे.

सेल्वी जन्मापासून अंध. वेबसाइट अंध माणसांना वापरता येते का, हे तपासणं ही तिची नोकरी. दर गुरुवारी ती जवळच्या सुंदरपेरुमाळ कोयिल गावाहून पॅसेंजरने येते आणि माझ्या विद्यार्थ्यांचं काम कानांनी तपासते. तिचा लॅपटॉप पडद्यावरचं तिला वाचून दाखवतो, म्हणजे जेवढं नीट लिहिलेलं असेल तेवढंच. ती बोलते तमिळ, मी मराठीत सांगतेय.

*

पहिली फजिती माझीच. अंधांनाही वापरता येतील अशा वेबसाइट कशा करायच्या, हा मी शिकवते तो विषय. त्याच्या नोट्स मी तिला पाठवल्या. हाताने लिहून, छान स्कॅन करून.

दुसऱ्या दिवशी फोन आला. "मिस, फाइल मिळाली. चाळीस पानं आहेत. सगळी कोरी."

स्कॅन म्हणजे तिच्या लॅपटॉपला नुसती चित्रं. मी सगळं पुन्हा टाइप केलं. महिना लागला. त्या महिन्यात जेवढं शिकले, तेवढं एम.टेक.ला शिकले नव्हते.

*

माझ्या वर्गातल्या कार्तिकने मामाच्या पितळी भांड्यांच्या दुकानाची वेबसाइट केली. फोटोत काय आहे ते शब्दांत लिहायचं राहिलं होतं, म्हणून लॅपटॉपने फाइलचं नावच वाचलं, "आयएमजी दोन हजार सत्तेचाळीस."

सेल्वीने गंभीरपणे विचारलं, "हे पूजेला चालतं का?"

पुढच्या गुरुवारी त्याने लिहून आणलं, ‘सुंदर दिवा’.

"सुंदर आहे का ते मी ठरवीन," सेल्वी म्हणाली. "वाती किती?"

*

आमचे विभागप्रमुख रामराव सर. त्यांचं घराणं आणि माझं, दोन्ही तंजावरच्या मराठी अमदानीत इकडे आलेली. त्यामुळे दार लोटलं की आम्ही मराठीत बोलतो. यंदा त्यांनी दार लोटलं.

"बाई, पुढिल वर्षीं हा विषय बंद करावा म्हणतों."

"का, सर?"

"आपल्या कॉलेजांत आंधळा विद्यार्थी एक तरी आहे काय? कोणासाठीं शिकवितां?"

‘बघते’ म्हणून मी निघाले. घरी गेल्यावर राग आला, तोही स्वतःचाच. विषय गेला की सेल्वीचं येणंही थांबणार होतं, आणि ते मला सहन होणार नव्हतं.

*

पुढच्या गुरुवारी मी सरांना लॅबमध्ये घेऊन आले. तासभर ते मागच्या बाकावर बसले. माणूस वाईट नाही. तास संपल्यावर सेल्वीला तमिळमध्ये अगदी आदराने म्हणाले, "अम्मा, तुमचं काम मोठं आहे. पण प्रवेशाचं काम इतकी वर्षं मीच बघतो. एकाही अंध मुलाने आमच्याकडे कधी अर्ज केलेला नाही."

सेल्वी पांढरी काठी उलगडत होती. ती थांबली.

"मी केला होता, सर. बारावीनंतर, तुमच्याच वेबसाइटवर. फॉर्म भरून झाला की शेवटी दोन बटणं होती. कॉम्प्युटर दोन्हींना नुसतं ‘बटण’ म्हणायचा. पहिलं दाबलं, तर भरलेलं सगळं पुसलं गेलं. पुन्हा सगळं भरलं आणि दुसरं दाबलं. काहीच ऐकू आलं नाही. मग मी दोन महिने पत्राची वाट बघितली."

सेल्वीने काठीची उरलेली घडी उलगडली.

"सर, ते दुसरं सबमिटचंच होतं ना?"